जन्मतारीख नको, तब्येत बघा

माझी गाडी २४ वर्षांची आहे. त्यातली गेली ११ वर्षं तिची बहुतेक कामं मी स्वतः करतो. मी मेकॅनिक नाही, पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा आहे. पण सुट्टीच्या दिवशी जुने कपडे चढवून गाडीखाली शिरणं हा माझा छंद आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. ब्रेकला मात्र मी बरीच वर्षं हात लावला नव्हता. ते जाणत्या माणसाचं काम, असं मनाशी ठरवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढायला लागली. एका गॅरेजमध्ये नेली, त्यांनी पुढचे पॅड बदलून दिले. चार महिन्यांत पुन्हा तेच. पुन्हा पॅड बदलले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच."

त्याच आठवड्यात मी गाडी जॅकस्टँडवर घेतली आणि पुढचं उजवं चाक काढलं. आतला पॅड २ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा ७. एकाच दिवशी बसवलेले दोन पॅड इतके वेगवेगळे झिजले, म्हणजे कॅलिपर, पॅड धरून ते डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर) दाबणारा ब्रेकचा भाग, सरकत नव्हता. या प्रकारच्या ब्रेकमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने सगळा कॅलिपर दोन पिनांवर उलट सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून घेतो. पिन अडकली की बाहेरचा पॅड नुसता बसून राहतो, त्या चाकाचा ब्रेक कमी लागतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला जाते. वरची पिन बोटांनी निघाली. खालची पान्याने पिळून पिळून, कुरकुरत बाहेर आली. तिच्यावर तपकिरी गंज चढलेला, ग्रीसचा मागमूस नाही, आणि तिचं रबरी बूट, म्हणजे पाणी अडवणारं आवरण, एका कडेने फाटलेलं. तिथूनच पाणी आत जात होतं. दोन वेळा पॅड बदलले गेले, पण या पिनेला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

पिन साफ केली, नवं बूट घातलं, ग्रीस लावलं. गाडी सरळ थांबायला लागली. आणि सात महिन्यांनी पुन्हा ओढायला लागली. या वेळी चूक माझी होती. मी घरात होतं ते साधं, खनिज तेलापासून बनलेलं ग्रीस वापरलं होतं. ब्रेकमधलं रबर अशा तेलाने फुगतं. पिनेवरची रबरी बुश फुगून भोकात गच्च बसली होती. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ आहे: या पिनांना फक्त सिलिकॉन ग्रीस लावावं. ते मॅन्युअल मला खूप नंतर मिळालं, कारण ते अधिकृत वर्कशॉपशिवाय कुणाला दिलं जात नव्हतं.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की जुन्या गाड्या रस्त्यावर राहू द्याव्यात का आणि त्या घरी दुरुस्त कराव्यात का, असा जो वाद चालतो त्याची गाठ मला या एका पिनेत दिसते. गाडीच्या वयाने ती पिन अडकली नव्हती. व्यावसायिक मेकॅनिकने ती बघितली नाही, मी ती बघितली आणि चुकीचं ग्रीस लावलं. दोघांच्या हातून ब्रेक बिघडलेलाच राहिला. दोघांनाही ज्याने अडवलं असतं ती गोष्ट एकच: काम झाल्यावर त्या ब्रेकचा जोर मोजणारं तिसरं कुणीतरी. म्हणून माझं म्हणणं आहे की गाडी किती जुनी आणि पाना कुणाच्या हातात, हे दोन्ही प्रश्न कायद्याने सोडून द्यावेत. गाडी आज कशी आहे हा एकच प्रश्न विचारावा, आणि तो सगळ्यांना सारख्या कडकपणे विचारावा.

वयाचा प्रश्न आधी घेतो, कारण सरकारांना तो सर्वांत सोपा वाटतो. नोंदणीपुस्तकात तारीख असते, हिशोब करायला माणूस लागत नाही, यंत्र लागत नाही. जुनी गाडी जास्त धूर सोडते, म्हणून ठरावीक वर्षांनंतर तिच्यावर जास्त कर लावा, तिला शहराबाहेर ठेवा किंवा भंगारात घाला. ऐकायला हे बरोबर वाटतं, आणि सरासरी काढली तर जुन्या गाड्यांचा धूर जास्त असतोही. पण रस्त्यावर धावते ती एकेक गाडी. अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ डॉनल्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात एक उपकरण तयार केलं. रस्त्याच्या एका कडेला इन्फ्रारेड किरण सोडणारा दिवा, दुसऱ्या कडेला तो टिपणारं यंत्र. मधून गाडी गेली की तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड किती ते क्षणात कळायचं. अशा हजारो गाड्या मोजल्यावर दिसलं की जवळपास निम्मा कार्बन मोनॉक्साइड साधारण १० टक्के गाड्यांमधून येतो. बाकीच्या बहुसंख्य गाड्या, त्यांत कित्येक जुन्याही, बऱ्यापैकी स्वच्छ होत्या. आणि त्या घाण १० टक्क्यांत नव्या म्हणाव्यात अशा काही गाड्याही होत्या, ज्यांची निगा कुणी राखली नव्हती.

ज्याने इंजिनात हात घातला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालत असेल तर विषारी वायूंचा ९० टक्क्यांहून जास्त भाग निरुपद्रवी करतो. पण त्याला हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण काटेकोर लागतं. ते प्रमाण राखायला एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. सेन्सर म्हातारा झाला की मिश्रण बिघडतं. एखादा स्पार्क प्लग नीट ठिणगी देईनासा झाला की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. यातलं काहीही पाच वर्षांच्या गाडीत होऊ शकतं, आणि वीस वर्षांच्या गाडीत वेळीच लक्ष दिलं तर टळू शकतं. प्लग बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. ते न केल्याने जळलेला कन्व्हर्टर आणि त्यातून वर्षभर बाहेर पडलेला धूर यांची किंमत नोंदणीपुस्तकातल्या तारखेत दिसत नाही.

भंगारात घालण्याच्या योजनांचं सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००९च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारने जुनी गाडी द्या आणि नवी घ्यायला अनुदान मिळवा, अशी योजना काढली. सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या गोळा झाल्या. अट अशी होती की गाडी चालू अवस्थेत हवी. म्हणजे आलेली प्रत्येक गाडी स्वतःच्या चाकांवर चालत आली होती. मग तिच्या इंजिनातलं ऑइल काढायचं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू ठेवायचं. उष्णतेने पाणी उडून जातं, काचेसारखा थर बेअरिंगांवर बसतो आणि काही मिनिटांत इंजिन जाम होतं, पुन्हा कधीही न सुटण्यासाठी. पेट्रोल जास्त खाणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हा उद्देश होता, तो मी समजू शकतो. पण निवड झाली ती कागदावरच्या मायलेजच्या आकड्यावरून आणि वयावरून. कुणी नीट सांभाळलेलं इंजिन आणि कुणी हाल करून सोडलेलं इंजिन, दोघांच्या घशात तेच द्रावण गेलं. तशी इंजिनं इतर गाड्यांना दुरुस्तीसाठी कामी आली असती. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं.

नव्या गाडीने पर्यावरण वाचतं हा हिशोबही एकदा कागदावर मांडून बघावा. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. समजा जुनी गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, नवी २० देते, आणि मालक वर्षाला ५,००० किलोमीटर चालवतो. जुनीला ३३३ लिटर लागतील, नवीला २५०. वर्षाची बचत ८३ लिटर, म्हणजे सुमारे १९० किलो कार्बन डायऑक्साइड. नवी गाडी बनवताना, पोलाद आणि ॲल्युमिनियमपासून रंगापर्यंत, ६ टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असं धरलं तर तो भरून यायला ३० वर्षांहून अधिक काळ लागेल. तोच मालक वर्षाला २५,००० किलोमीटर चालवत असेल तर सहा-सात वर्षांत हिशोब फिटतो. म्हणजे रोज लांबचा प्रवास करणाऱ्याने नवी, कमी पेट्रोल खाणारी गाडी घ्यावी हे बरोबर. आठवड्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याला मात्र तोच सल्ला देणं चूक आहे. वयाची मर्यादा घालणारा नियम या दोघांना एकाच दांडीने मोजतो.

या हिशोबात एक मोठी उणीव आहे आणि ती मी लपवणार नाही. कार्बन डायऑक्साइड हा सगळा धूर नव्हे. कार्ब्युरेटरवर चालणारी, कन्व्हर्टर नसलेली गाडी कितीही प्रेमाने सांभाळली तरी तिचा धूर आजच्या गाडीच्या कितीतरी पट विषारी असतो. जुन्या डिझेल गाडीची काजळी दाट वस्तीत श्वासाबरोबर आत घेणाऱ्या मुलाला माझ्या छंदाशी काही देणंघेणं नाही, आणि त्याचा श्वास माझ्या छंदापेक्षा मोठा आहे. म्हणून धुराची तपासणी कडक हवी, आणि तीत नापास झालेली गाडी, मग ती कुणाच्या आजोबांची आठवण का असेना, रोजच्या रस्त्यावर येता कामा नये.

इथे माझं आणि माझ्यासारख्याच छंदाच्या बऱ्याच लोकांचं पटत नाही. ब्रिटनमध्ये १९६०मध्ये गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. ब्रेक, दिवे, स्टिअरिंग तपासायचे, आणि सुरुवातीला ती दहा वर्षं झालेल्या गाड्यांसाठी होती. तिथेच २०१८पासून ४० वर्षांहून जुन्या आणि फारसे बदल न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळते. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. हौशी लोक अशा सवलतींचं स्वागत करतात. त्यामागचा विचार असा की या गाड्या थोड्या आहेत, कमी चालतात आणि त्यांचे मालक त्यांना जपतात. असतीलही. पण वय जास्त म्हणून गाडीला शिक्षा करणं चूक असेल, तर वय जास्त म्हणून तिला माफी देणंही चूकच आहे. ४५ वर्षांच्या गाडीचा ब्रेक पाइप आतून गंजला असेल तर तो वाट बघत बसणार नाही. आपण एका तोंडाने वय बघू नका म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने वयाची सवलत घ्यायची, हे बरं दिसत नाही.

आता पाना कुणाच्या हातात, याकडे येतो. घरी केलेल्या दुरुस्तीची भीती लोकांना वाटते आणि ती अगदीच खोटी नाही. ब्रेकमध्ये हवा राहिली, चाकाचे नट सैल राहिले, तर मरणारा माणूस रस्त्यावरचा कुणीही असू शकतो. पण यावर उपाय म्हणून हौशी माणसाला बंदी घातली तर माझ्या उजव्या चाकाची ती पिन अजूनही गंजतच राहिली असती. जपानने या बाबतीत मला पटणारी वाट काढली आहे. तिथे खासगी गाडीची तपासणी नवी असताना तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते, आणि ती ढिली नसते. बहुतेक लोक हे काम वर्कशॉपवर सोपवतात, पण मालकाला स्वतः गाडी घेऊन तपासणी केंद्रात जाता येतं. रांगेत उभं राहायचं, दिवे, चाकांची दिशा, ब्रेक, धूर, गाडीचा खालचा भाग असं एकेक पार करायचं. पास झाली तर झाली, नाही तर दुरुस्त करून परत या. (त्याच जपानमध्ये १३ वर्षांनंतर पेट्रोल गाडीवर जास्त कर लागतो. एकाच देशात एक नियम गाडीची अवस्था बघणारा आणि दुसरा तारीख बघणारा, असे दोन्ही नांदतात.)

सुधारणा, म्हणजे ज्याला आपण अपग्रेड म्हणतो, तिथे प्रश्न जास्त नाजूक होतो. दुरुस्ती करणारा माणूस गाडी मूळ जागी आणतो. अपग्रेड करणारा तिला बनवणाऱ्याने ठरवलं नव्हतं तिथे नेतो. हेडलॅम्पचंच घ्या, कारण जुन्या गाडीच्या मालकाची पहिली तक्रार तीच असते, रात्री नीट दिसत नाही.

अनेक जुन्या गाड्यांत हेडलॅम्पची सगळी वीज डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, मग लांबलचक बारीक वायरने पुढे जाते. वर्षानुवर्षांत स्विचचे पॉइंट काळे पडतात, जोडांवर हिरवट थर येतो, आणि दिव्यापर्यंत पोचेपर्यंत एक-दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो. हॅलोजन दिव्याचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. मी माझ्या गाडीत इंजिन चालू ठेवून दिव्याच्या होल्डरवर मीटर लावला तेव्हा बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि दिव्यावर १२.४. मग बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर थेट पुढे आणली, दोन रिले (थोड्या विजेवर चालून मोठी वीज चालू-बंद करणारे स्विच) बसवले आणि जुना स्विच फक्त रिले चालू-बंद करायला ठेवला. दिव्यावर १३.९ व्होल्ट मिळाले. बल्ब तेच, काच तीच, प्रकाशाचा आकार तोच, आणि तरी रात्रीचा रस्ता वेगळाच दिसायला लागला. त्या संध्याकाळी मी उगाचच एक लांब चक्कर मारून आलो होतो.

हाच प्रश्न दुसरा कुणी पाच मिनिटांत सोडवतो. हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब खोचतो. समोर लख्ख पांढरा उजेड पडतो आणि तो खूश होतो. पण त्या दिव्याचा परावर्तक एका बारीक तारेची जागा धरून आखलेला असतो. तार मिलिमीटरभर सरकली तरी प्रकाशाची कड बिघडते. एलईडीचे तुकडे त्या जागी, त्या आकारात क्वचितच बसतात. उजेड वर, आजूबाजूला, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत फेकला जातो. आपल्याला जास्त दिसतंय असं वाटतं ते बरेचदा जवळचा रस्ता उजळल्यामुळे. दूरचं उलट कमी दिसतं, आणि समोरच्या माणसाला काही क्षण काहीच दिसत नाही.

दोन्ही कामं घरी केलेली, दोन्हींना हौस म्हणतात. त्यांच्यातला फरक करणाऱ्याच्या परवान्यावरून कळणार नाही. दिव्यासमोर तपासणीचा पडदा धरला की मात्र लगेच कळेल. जर्मनीत गाडीत मोठा बदल केला तर मान्यताप्राप्त तपासनीसाकडून तो बघून घ्यावा लागतो आणि गाडीच्या कागदपत्रांत त्याची नोंद होते. चाकांचा आकार, सस्पेन्शन, इंजिन, सगळ्यालाच हे लागू आहे. हौशी लोकांना ही कटकट वाटते. मला ती योग्य वाटते. बदल करायचा माझा हक्क मान्य होतो, आणि तो बदल दुसऱ्याच्या जिवावर उठणार नाही याची खात्री करून घेण्याचा समाजाचा हक्कही मान्य होतो. नोंद झालेला बदल पुढच्या मालकालाही कळतो, ही आणखी एक चांगली गोष्ट.

कन्व्हर्टर काढून टाकणारे, डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर पोकळ करणारे, आवाज वाढावा म्हणून सायलेन्सर कापणारे लोक स्वतःला गाडीप्रेमी म्हणवतात. माझा त्यांच्याशी काही संबंध नाही. आमच्या सगळ्यांवर संशय घेतला जातो तो त्यांच्यामुळे.

त्या संशयाने केवढी चूक होऊ शकते ते २०१५मध्ये दिसलं. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यानुसार गाडीतल्या सॉफ्टवेअरचं कुलूप मालकालाही तोडता येत नव्हतं. दुरुस्तीसाठी आणि अभ्यासासाठी यातून सूट मिळावी अशी मागणी चालू होती. त्या देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, त्या वर्षी जुलैमध्ये पत्र लिहून विरोध केला. मालकांना सॉफ्टवेअर उघडता आलं तर ते प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेशी खेळ करतील, ही तिची भीती होती. दोन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, त्याच ईपीएने जाहीर केलं की फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर आहे. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते होतं. हौशी मेकॅनिक गल्लीबोळात करील म्हणून ज्याची भीती होती ते कारखान्यातूनच, कुलूपबंद होऊन बाहेर पडलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती सूट मंजूर झाली.

मला यातून कंपन्यांना झोडपायचं नाही. मला एवढंच दिसतं की कुलूप लावून सचोटी येत नाही, ती बाहेरून मोजल्याने येते. तो घोटाळा उघड झाला त्याची सुरुवातही अशीच झाली होती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजणीची यंत्रं गाडीत ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली आणि धूर मोजला.

माहिती खुली असली की काय होतं याचं उत्तम उदाहरण आजच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली आहे. अमेरिकेत १९९६पासून नव्या गाड्यांना आणि युरोपात २००१पासून नव्या पेट्रोल गाड्यांना एकसारखं निदानाचं सॉकेट सक्तीचं झालं. हे आलं प्रदूषणावर नजर ठेवण्यासाठी, पण त्यामुळे साधा स्कॅनर हातात असलेल्या कुणालाही गाडीशी बोलता यायला लागलं. पी०१७१ असा कोड आला की मिश्रणात हवा जास्त होते आहे. अनेक ठिकाणी हा कोड दिसला की थेट सेन्सर बदलतात. वेळ असलेला माणूस आधी इंजिन चालू ठेवून कान लावतो, हवेच्या रबरी नळ्या एकेक करून वाकवून बघतो, आणि कुठेतरी कोपऱ्यात दिसायला धड पण वाकवली की उघडणारी चीर सापडते. बोटभर नळी बदलली की कोड परत येत नाही.

पण हे सॉकेट सगळं सांगत नाही, आणि नव्या गाड्यांत ते दिवसेंदिवस कमी सांगतं. बऱ्याच गाड्यांत नवा भाग बसवल्यावर तो कंपनीच्या सर्व्हरकडून ओळखवून घ्यावा लागतो, नाही तर तो असून नसल्यासारखा. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२मध्ये मतदारांनी गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना आणि मालकांना द्यायला लावणारा कायदा मंजूर केला. त्या कायद्यातून बिनतारी मार्गाने कंपनीकडे जाणारी माहिती निसटली होती, म्हणून २०२०मध्ये पुन्हा मतदान घ्यावं लागलं आणि सुमारे ७५ टक्के लोकांनी तीही खुली करावी असा कौल दिला. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. दुरून गाडीत शिरण्याची वाट खुली राहिली तर कुणी चोरटा शिरेल, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. चालत्या गाडीचं स्टिअरिंग कुणाच्या हाती लागू नये. पण गाडीजवळ उभं राहून, वायर लावून, मालकाच्या परवानगीने माहिती वाचणं वेगळं आणि दुरून तिला हुकूम सोडणं वेगळं. पहिलं खुलं ठेवून दुसरं बंद करता येतं.

माझ्या ग्रीसच्या चुकीचं मूळ इथेच आहे. मॅन्युअलमधली ती एक ओळ गुपित ठेवून कुणाचं भलं झालं? तिने कुणाचा धंदा वाचला नाही, माझा ब्रेक मात्र बिघडला. सुरक्षिततेच्या नावाखाली ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन यांची माहिती रोखली जाते. लोक दुरुस्ती करायची थांबत नाहीत, अंदाजाने करायला लागतात. नटाला किती टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, द्यायचा हे माहीत नसलेला माणूस तो नट आवळतोच, फक्त मनाला येईल तितका.

घरी काम करणाऱ्यानेही स्वतःला कुठे थांबायचं हे सांगितलं पाहिजे. मी एअरबॅगला हात लावत नाही. सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग मी उघडत नाही, ती सुटली तर हाड मोडते किंवा जीव घेते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी एक हातसुद्धा घालत नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रकारच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, पाणी शोषलेल्यासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते, आणि लांब उतारावर तापलेल्या ब्रेकला हा फरक कळतो. काढलेलं इंजिन ऑइल डब्यात भरून गोळा करणाऱ्या ठिकाणी नेतो.

आणि काही गोष्टी कितीही निगा राखली तरी जुन्या गाडीत येणार नाहीत. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २००९मध्ये १९५९ची शेवरले बेल एअर आणि २००९ची शेवरले मालिबू एकमेकींवर आदळवल्या. जुनी गाडी भक्कम लोखंडाची, तिला काय होणार, असा समज अनेकांचा असतो. बेल एअरची केबिन कोलमडून चालकाच्या पुतळ्यावर आली, मालिबूतल्या चालकाच्या पायाला इजा झाली असती इतकंच. माझ्या गाडीत दोन एअरबॅगा आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, वळताना गाडीची घसरण रोखणारी यंत्रणा नाही. म्हणून लांबच्या प्रवासाला, सगळं घर घेऊन, मी ती गाडी नेत नाही. हा निर्णय मी घेतला, तो कायद्याने माझ्यावर लादावा असं मला वाटत नाही. पण जुन्या गाडीचं कौतुक करताना ही गोष्ट गाळणारा माणूस ऐकणाऱ्याशी प्रामाणिक नाही.

गेल्या महिन्यात गाडीची तपासणी होती. ब्रेकच्या तपासणीला गाडीची दोन चाकं रोलरवर उभी करतात. रोलर फिरतात, चालक हळूहळू ब्रेक दाबतो, आणि प्रत्येक चाकाचा जोर वेगळा दिसतो. एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांत ३० टक्क्यांहून जास्त फरक असला की गाडी नापास. पुढच्या दोन चाकांचे काटे जवळजवळ हातात हात घालून वर चढले. फरक ४ टक्के निघाला. हे काम कुणी केलं ते तपासनीसाने विचारलं नाही, गाडी कोणत्या सालची तेही नाही. मग मागची चाकं रोलरवर घेतली आणि हँडब्रेक ओढायला सांगितला. डावा काटा अर्ध्यावर अडखळला. त्याने दोनदा पुन्हा करून बघितलं, कागदावर खूण केली आणि म्हणाला, "मर्यादेत आहे, पण केबल बघून घ्या. बाहेरच्या आवरणात गंज धरला असेल." या वेळी मॅन्युअलमधलं ते पान आधी वाचून काढलं आहे. नवी केबल आणली आहे, येत्या रविवारी बसवणार आहे.